अन्नकाल आणि अध्यशन : दोन आहारांमधील अंतराचा विचार

वैद्यकव्यवसायात आणि औषधविक्रीत असलेल्या आपणा सर्वांना एक रुग्ण चांगला परिचयाचा आहे. तो काउंटरवर येतो, ‘पोट फुगतं, जेवल्यावर जड वाटतं, काहीतरी पाचक द्या’ असे म्हणतो आणि हिंग्वाष्टक, लवणभास्कर किंवा अविपत्तिकर यांपैकी एखादी बाटली घेऊन जातो. चार-आठ दिवस त्याला बरे वाटते. महिन्याभराने तोच रुग्ण पुन्हा तीच बाटली मागतो आणि पुढे हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. काय खाता, हे त्याला निदान कधीतरी विचारले जाते. परंतु केव्हा खाता आणि त्याआधी केव्हा खाल्ले होते, हा प्रश्न चिकित्सालयातही फारसा विचारला जात नाही, मग काउंटरवर तो कोण विचारणार? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. पहिला आहार जीर्ण होण्यापूर्वी दुसरा घेतल्यास पचनसंस्थेत नेमके काय घडते, आणि हे अंतर रुग्णाला पाळता यावे म्हणून त्याच्या ताटात काय असावे, याचा विचार येथे केला आहे.

चरकाचार्यांनी ग्रहणीदोषाच्या प्रकरणात आहारसेवनाचे तीन दोष वेगळे सांगितले आहेत. पथ्य व अपथ्य एकत्र खाणे हे समशन. अवेळी, किंवा मात्रेपेक्षा कमी-अधिक खाणे हे विषमाशन. आणि पूर्वीचे अन्न शिल्लक असताना त्यावर पुन्हा खाणे हे अध्यशन. यांपैकी पहिल्या दोहोंविषयी आपण रुग्णांशी पुष्कळ बोलतो. दूध व मासे, दही व रात्र, शिळे व ताजे यांवर आपले पथ्यपत्रक भरलेले असते. अध्यशनाचा उल्लेख त्यात क्वचितच आढळतो. वस्तुतः आजच्या नागर जीवनात सर्वाधिक घडणारा अपचार हाच आहे, असे माझे मत आहे.

अध्यशन ओळखण्यासाठी आधी जीर्णाहाराची लक्षणे ठाऊक हवीत. शुद्ध ढेकर, मनाचा उत्साह, मलमूत्रवेगांचे यथायोग्य प्रवर्तन, शरीराचे लाघव, भूक व तहान ही लक्षणे आपण विद्यार्थिदशेत पाठ केलेली असतात. यांत भूक ही सहांपैकी एक आहे, एकटी नव्हे. रुग्ण ज्याला ‘भूक’ म्हणतो ती अनेकदा सवयीची तल्लफ असते. चारच्या ठोक्याला चहा हवा वाटणे आणि ढेकर शुद्ध होऊन, अंग हलके होऊन भूक लागणे यांत मोठे अंतर आहे. ढेकरेला अजून दुपारच्या आमटीचा वास असेल, तर अन्न जीर्ण झालेले नाही, हे सांगायला कोणत्याही यंत्राची गरज नाही.

आता आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाच्या साहाय्याने दुपारी एकच्या एका साध्या जेवणाचा प्रवास पाहू. ताटात पोळी, मटकीची उसळ, वरण-भात, तूप आणि कोशिंबीर आहे. पचनाचा आरंभ ताट दिसताच, किंबहुना फोडणीचा वास येताच होतो. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनग्रंथींच्या याच कार्याविषयीच्या संशोधनासाठी. अन्न जठरात पोचण्यापूर्वीच जठररसाचा लक्षणीय भाग पाझरू लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. तन्मनस्क होऊन जेवावे, या शास्त्राज्ञेला येथे शारीर आधार मिळतो. दूरचित्रवाणीसमोर किंवा मोबाईलवर डोळे लावून जेवणाऱ्याचा हा पहिला टप्पा अर्धवट राहतो.

मुखात लाळेतील अमायलेज पिष्टमय पदार्थांवर कार्य सुरू करते. घास जठरात उतरला की जठराचा वरचा भाग सैल होऊन जागा करून देतो, आणि आम्ल आत मुरेपर्यंत हे पिष्टपचन तेथेही काही काळ चालू राहते. पुढे हायड्रोक्लोरिक आम्ल व पेप्सिन यांचे कार्य सुरू होते. जठराचा खालचा भाग अन्नाला मुद्रिकाद्वाराकडे ढकलतो, दळतो आणि मागे लोटतो. साधारणतः एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठा कण या द्वारातून पुढे जात नाही. चावण्यात केलेला आळस जठराला अशा रीतीने भरून काढावा लागतो. पातळ पदार्थ लवकर उतरतात. पाणी तर अर्ध्या तासात बहुतांशी पुढे गेलेले असते. घन अन्नाला प्रथम दळण्यासाठीच वेळ लागतो आणि असे मिश्र जेवण जठरातून पूर्ण उतरण्यास तीन-चार तास जातात. तळलेले व तूपकट असेल तर त्याहून अधिक.

स्निग्ध पदार्थ ग्रहणीत पोचले की तेथून कोलेसिस्टोकायनिन नावाचा अंतःस्राव सुटतो. तो पित्ताशयाला आकुंचन पावण्याचा आणि स्वादुपिंडाला पाचकरस सोडण्याचा संदेश देतो, आणि त्याच वेळी जठराला ‘सावकाश’ असे बजावतो. ग्रहणीतून रक्तावाटे असा संदेश जातो, ही कल्पना १९०२ साली बेलिस व स्टार्लिंग यांनी सिक्रेटिन शोधून प्रथम सिद्ध केली. आचार्यांनी अग्नीचे अधिष्ठान म्हणून ग्रहणीला दिलेले महत्त्व या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखे आहे. पचनाची गती ठरविणारा पहारेकरी खरोखर तेथेच बसलेला आहे. मात्र ग्रहणी म्हणजे ड्युओडिनम आणि अग्नी म्हणजे एन्झाइम अशी समीकरणे मांडण्याची घाई करू नये. तेरा अग्नींची संकल्पना लहान आतड्याच्या पलीकडे धातूंपर्यंत पोचते, आणि तिला एखाद्या स्रावाच्या नावात कोंबल्याने दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो.

आता समजा, एकचे जेवण जठरात निम्मे शिल्लक असताना साडेतीनला चहा व दोन बटाटेवडे आले. नव्या अन्नाला वेगळा कप्पा नसतो. ते जुन्यात मिसळते. जठर पुन्हा सैल होते, ताण वाढतो आणि वड्याच्या तेलामुळे गती मंदावते. जवळजवळ दळून झालेले अन्नही नव्याबरोबर रेंगाळते. रुग्णाची गौरव, आध्मान व अविशुद्ध उद्गार ही तक्रार येथून निर्माण होते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. अशा वेळी अन्न पोटात ‘सडते’ असे आपल्या व्याख्यानांतून सर्रास सांगितले जाते. निरोगी जठरातील आम्लात सहसा तसे सडणे घडत नाही. रुग्णाला भय घालण्यासाठी असे वाक्य वापरण्याची आवश्यकता नाही. जे घडते ते पुरेसे त्रासदायक आहे.

रिकाम्या कोष्ठाचे कार्य

लोकांचा समज असा, की पोट रिकामे असताना ते स्वस्थ पडून असते. वास्तविक त्या वेळी ते स्वच्छतेच्या कामात असते. जेवण पुढे सरकून गेल्यावर जठर व लहान आतडे यांत सुमारे दीड ते दोन तासांच्या चक्राने एक विशिष्ट हालचाल होत राहते. प्रथम शांतता, मग अनियमित आकुंचने आणि अखेरीस पाच-दहा मिनिटे टिकणारी जोरकस आकुंचनांची मालिका, असा तिचा क्रम असतो. ही लाट जठरापासून निघून हळूहळू लहान आतड्याच्या शेवटापर्यंत सरकत जाते. तिला मायग्रेटिंग मोटर कॉम्प्लेक्स असे नाव आहे. आपण तिला संमार्जन-लहर म्हणू. १९६९ साली कुत्र्यांवरील प्रयोगांत तिचे स्पष्ट वर्णन झाले आणि पुढे मनुष्यातही ती आढळली. जेवणात दळले न गेलेले तंतू, सालींचे तुकडे, गळालेल्या पेशी व जंतू यांना ती पुढे लोटते. पोटात गुरगुर होणे व खरी भूक जाणवणे यांचा या लाटेच्या जठरातील टप्प्याशी संबंध दिसून आला आहे. ही लाट ज्यांच्यात नीट उठत नाही, त्यांच्या लहान आतड्यात जंतूंची अतिरिक्त वाढ होण्याची शक्यता अधिक असते.

अन्न घेताच ही लाट थांबते आणि आतडे पुन्हा पचनाच्या कामास लागते. दूध-साखरेचा चहाही येथे अन्नच ठरतो. सकाळी सातला चहा-बिस्किटे, नऊला पोहे, अकराला पुन्हा चहा, एकला जेवण, चारला फरसाण, सहाला चहा व रात्री दहाला जेवण असा ज्याचा दिनक्रम आहे, त्याच्या कोष्ठाला जागेपणी संमार्जनाची संधी जवळजवळ मिळतच नाही. या गृहस्थाला विचारा, तो सांगेल, ‘मी दोनच वेळा जेवतो.’ म्हणून माझ्या चिकित्सालयात मी ‘किती वेळा जेवता’ हा प्रश्न सोडून दिला आहे. कागदाच्या पाठीमागे सात दिवस, तोंडात पाण्याव्यतिरिक्त जे जे गेले त्याची केवळ वेळ लिहून आणण्यास मी सांगतो. पदार्थांची नावेही लिहावी लागत नाहीत. वेळांची ती रांग पाहून बरेच रुग्ण स्वतःच हसतात.

संमार्जन-लहरीमुळे अध्यशनाचा सिद्धांत ‘सिद्ध झाला’, असे मी म्हणणार नाही. आचार्यांनी तो निरीक्षणाने मांडला आणि आपण तो रुग्णांत पडताळून पाहतो, एवढे त्याच्या ग्राह्यतेला पुरेसे आहे. परंतु आज रुग्णाला ‘का’ हे सांगावे लागते, आणि त्यासाठी ही माहिती उपयोगी पडते.

चरकाचार्यांनी त्याच अध्यायात आणखी एक भेद केला आहे, तो व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. सकाळचा आहार पूर्ण जीर्ण झालेला नसताना सायंकाळी खाल्ले तर तितका दोष नाही. रात्रीचा जीर्ण झालेला नसताना सकाळी खाल्ले तर मात्र दोष मोठा. दिवसा हालचाल, प्रकाश व जागरूकता यांमुळे स्रोतसे विकसित असतात, रात्री ती संकुचित होतात, अशी त्यांनी कारणमीमांसा दिली आहे. घन आहार जठरातून सकाळपेक्षा रात्री अधिक सावकाश उतरतो, हे आधुनिक मापनांतही दिसले आहे. झोपेत लाळ व गिळणे अत्यल्प असल्याने अन्ननलिकेत वर आलेले आम्लही धुऊन निघत नाही. मुंबईत लोकलने नऊला घरी पोचणारा, दहाला भरपेट जेवून अकराला आडवा होणारा आणि सकाळी उठताच चहा-टोस्ट खाणारा नोकरदार हे या अपचाराचे ठळक उदाहरण होय. त्याला ‘सातच्या आत जेवा’ असा उपदेश करणे व्यर्थ आहे. मी त्याला सायंकाळी कार्यालयातून निघताना डब्यातील पोळी-भाजी खाण्यास आणि रात्री घरी केवळ मुगाचे कढण किंवा भाताची पातळ पेज घेण्यास सांगतो. सकाळचा चहाही ढेकर शुद्ध झाल्याशिवाय नको. बहुतेकांना एवढे जमते.

अंतर पाळता यावे असा आहार

‘मध्ये काही खाऊ नका’ एवढे सांगून रुग्ण पाठवून दिला, तर तिसऱ्या दिवशी तो फरसाणाच्या डब्यापाशी सापडतो. चार-पाच तास भूक न लागण्यासाठी मूळ जेवणच तसे असावे लागते. केवळ पोहे, केवळ साबुदाणा किंवा मैद्याचा पाव यांतील पिष्ट लवकर पचते आणि तल्लफही लवकर परत येते. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, चमचाभर तूप व ताक हे आपल्याकडील साधे ताट या दृष्टीने उत्तम आहे. भाकरीला चावावे लागते, कडधान्यातील प्रथिने व तंतू तृप्ती टिकवितात आणि मात्रेतील तूप जठराची गती योग्य तेवढी सावकाश करते. गुरू-लघू विचारात स्नेहाला सरसकट दोषी ठरवू नये.

कडधान्ये सोसत नाहीत ही तक्रार खरी असते. त्यांतील रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा फोडणारे एन्झाइम मनुष्याच्या लहान आतड्यात नसतेच. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात व तेथील जंतू त्यांपासून वायू निर्माण करतात. भिजविण्याचे पाणी टाकून दिल्याने व मोड आणल्याने त्यांचे प्रमाण घटते. करण या आहारविधीचे इतके सोपे उदाहरण दुसरे नाही. अग्नी मंद असताना मुगापासून आरंभ करावा आणि चणे, वाटाणे, पावटे मागाहून द्यावेत. दूध न सोसणाऱ्या अनेक प्रौढांत लॅक्टेज हे एन्झाइम कमी झालेले असते. त्यांना आंबवून व पाणी घालून घुसळलेले ताक सोसते, कारण त्यात दुग्धशर्करा कमी उरते.

जाता जाता उपवासाविषयी. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण अनुभवाची आहे. सकाळी शेंगदाण्याचे कूट व तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी, दुपारी वेफर्स आणि रात्री भगर-आमटी हे लंघन नव्हे. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी अम्लपित्ताचे रुग्ण वाढतात, हे प्रत्येक औषधविक्रेता गल्ल्यावरूनच सांगेल.

कोणाला हा नियम लावू नये

येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आध्मान व अरुचीसाठी आले. जिव्हा साम, मल चिकट, दिवसातून सात-आठ वेळा खाणे. अध्यशनाचे निदान सरळ होते. ‘मधुमेहाची एक गोळी चालू आहे,’ असे ते म्हणाले. मी ते टिपले. गोळीचे नाव मात्र विचारले नाही. खरी भूक लागेपर्यंत काहीही खाऊ नका, असे मी त्यांना निक्षून सांगितले, आणि त्यांनी ते निष्ठेने पाळले. चौथ्या दिवशी सायंकाळी ते बसस्टॉपवर घामाघूम होऊन, भ्रमिष्टासारखे बोलत बसलेले एका शेजाऱ्याला आढळले. त्याने साखरेचे पाणी पाजून त्यांना रुग्णालयात नेले, म्हणून ते वाचले. गोळी ग्लिमेपिराइडची होती.

या वर्गातील गोळ्या, तसेच इन्सुलिन, आहार असो वा नसो, रक्तशर्करा खाली आणत राहतात. त्या चालू असताना आहाराची एक वेळ गाळणे म्हणजे औषधाची मात्रा वाढविण्यासारखेच आहे. अशा रुग्णाचे अंतर वाढवायचे असेल, तर आधी त्याच्या डॉक्टरांशी बोलून मात्रेचा पुनर्विचार व्हावा लागतो. आपण परस्पर ठरवू नये. घाम, कंप, धडधड, अकस्मात तीव्र भूक व भ्रम ही लक्षणे दिसली तर अन्नकालाचा विचार बाजूस ठेवून तत्काळ साखर द्यावी, आणि रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही न देता रुग्णालयात हलवावे. त्या दिवसापासून मी गोळ्यांची पाकिटे टेबलावर काढून ठेवायला सांगतो, आणि मगच नाडीला हात लावतो.

दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात घरोघरी पोचविलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत अनेक रुग्ण आपणांस विचारतात. दुसऱ्या बाजूस दर दोन तासांनी थोडे खाण्याचा सल्लाही ते ऐकून आलेले असतात. दीक्षितांचा मुख्य युक्तिवाद इन्सुलिनच्या स्रवणाचा आहे, पचनाचा नाही. म्हणून त्या वादाचा निवाडा या लेखात करण्याचे प्रयोजन नाही. आयुर्वेदाची भूमिका घड्याळापेक्षा व्यक्तीवर आधारलेली आहे. तीक्ष्णाग्नी पुरुषाला दोन जेवणांवर रोखून धरल्यास तो क्षीण होईल. गर्भिणी, बालक, कृश वृद्ध, क्षयाचा उपचार चालू असलेला रुग्ण आणि जठराचा भाग काढून टाकलेला रुग्ण यांना थोडे थोडे व वारंवार खाणेच हितकर आहे. त्यांच्यासाठी तेच मात्रावत् होय.

आणखी एक रुग्ण वारंवार खातो, तो सवयीने नव्हे तर वेदनेने. जेवणानंतर दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री पोटात दुखते व काही खाल्ले की थांबते, असे तो सांगतो. येथे ग्रहणीतील व्रणाची शंका घ्यावी. अशा व्रणांमागे बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्यांचे सेवन असते. १९८२ साली वॉरन व मार्शल यांनी हा जंतू वेगळा केला आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तपासणीशिवाय अशा रुग्णाला महिनोन्महिने पाचक चूर्ण विकणे धोक्याचे आहे. वजन घटणे, गिळताना अडखळणे, वारंवार उलटी, डांबरासारखा काळा मल, पांडुता, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली अरुची यांपैकी काहीही असेल तर बाटली न देता त्याला एंडोस्कोपीसाठी पाठवावे. वैद्यापेक्षा औषधविक्रेत्यालाच हे आधी कळण्याचा संभव असतो, कारण तिसरी बाटली मागायला रुग्ण त्याच्याकडेच येतो.

शेवटी त्या बाटल्यांविषयी. हिंग्वाष्टक चूर्ण तुपासह जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेण्याचा शास्त्रोक्त काल आहे. आपल्याकडे ते जेवणानंतर पोट फुगले की पाण्याबरोबर फाकले जाते. लवणभास्करात नावाप्रमाणेच लवणांचे प्रमाण मोठे असल्याने रक्तदाबाच्या व वृक्कविकाराच्या रुग्णांना ते नित्य देऊ नये. अविपत्तिकराच्या ग्रंथोक्त पाठात १३२ भागांपैकी ६६ भाग शर्करा व ४४ भाग त्रिवृत् आहे. म्हणजे मधुमेह्याला आपण निम्मी साखर देतो, आणि इतरांना नकळत रोजच्या रेचनाची सवय लावतो. माझ्या परिचयाच्या एका औषधविक्रेत्यांनी दुसऱ्यांदा पाचक चूर्ण मागणाऱ्या ग्राहकाला तीन प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवला आहे. शेवटचे केव्हा खाल्ले, वजन कमी झाले का, आणि मधुमेहाचे कोणते औषध चालू आहे? त्यांच्या म्हणण्यानुसार पाचक चूर्णांची विक्री थोडी घटली आहे, आणि चिकित्सेसाठी वैद्यांकडे पाठविलेल्या रुग्णांची वही मात्र भरत चालली आहे.